मिरचीच्या उन्हातल्या गोधड्या

बाळांनो,

गोधडी पोचली, हे वाचून बरं वाटलं. धाकटीने विचारलं आहे की गोधडीच्या एका कोपऱ्यात काहीतरी टोचत होतं, आईने शिवण उसवून पाहिली तर वाळलेल्या मिरचीचा देठ निघाला, तो चुकून आत राहिला का? नाही. तो मुद्दाम शिवलेला आहे. कृपा करून तो जिथे होता तिथे परत ठेवा आणि वरून चार टाके घाला. का, ते आता सांगते. फोनवर सांगायला घेतलं की तुमची शाळेची बस येते, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागेल. लागू दे.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. तुमचे आजोबा तेव्हा होते आणि आमची मिरचीची पथारी जोरात चालायची. पथारी म्हणजे गावाबाहेरचं सारवून सपाट केलेलं मोठं मैदान. तिथे ओली लाल मिरची पसरून उन्हात वाळवतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत नंदुरबारच्या बाहेर कुठेही पाहिलं की जमीन लाल दिसते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते.

पथारीवर मिरचीचे देठ खुडायला बायका येत. त्यातल्या बऱ्याच सातपुड्यातल्या. त्यांच्यात एक सर्वांत जुनी होती, तिला सगळ्या याहा म्हणत. त्यांच्या डोंगरातल्या बोलीत याहा म्हणजे आई. मीही तिला याहाच म्हणत असे, ती मला बाई म्हणे. नवीन आलेल्या बाईला याहा पहिली गोष्ट कुठली शिकवी, तर खुडलेला हात डोळ्याला लावायचा नाही. घाम आला तरी नाही, रडू आलं तरी नाही. घरी जाताना हाताला तेल चोळायचं, मग राखेने धुवायचं, मग पोराला उचलायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर याहाची एकुलती एक मुलगी, जावई आणि त्यांचं पावसाळ्यात जन्मलेलं बाळ मुकादमाच्या गाडीतून गुजरातेत बांधकामावर गेले होते. दर वर्षी डोंगरातली माणसं अशी जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. कुठल्या गावाला गेलात, हे कोणी फारसं विचारत नाही. मुकादमाला माहीत असतं.

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी झेंडावंदन नुकतंच झालं होतं. मुली मैदानात रांगेने बसल्या होत्या आणि एक पाहुणे भाषण करत होते. मला अचानक गरगरलं. मला वाटलं रक्तदाब वाढला, म्हणून मी शेजारच्या शिक्षिकेचा हात धरला, तर ती माझाच हात धरत होती. मग पाहिलं, वारा नसताना झेंड्याची दोरी काठीवर टकटक आपटत होती आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून पाणी बाहेर उसळत होतं. मुली ओरडल्या नाहीत, त्यांना गंमत वाटली. पाहुण्यांनी भाषण थांबवलं नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला दारापासून छतापर्यंत एक बारीक भेग पडली, ती अजून आहे, रंगाखाली. आपल्याकडे एवढंच झालं. दुपारी टीव्हीवर कच्छ दाखवायला लागले तेव्हा कळलं की आम्हाला जे लागलं ते त्या धक्क्याचं शेपूट होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी पथारीवर थांबले. याहा नेहमीच्या जागी बसून देठ खुडत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"बाई, तठे धरती हालनी म्हने?"

"हो. कच्छमध्ये. का गं?"

"मन्ही आंडेर तठेच शे."

आंडेर म्हणजे लेक. मी म्हटलं, गुजरात मोठा आहे, कशावरून ती तिथेच असेल? तर ती म्हणाली, "तठलं पानी खारं शे. दिवाळीना महिनाभरमा एक मानूस उनता, त्याना हाते निरोप धाडेल व्हता. पानी खारं शे, पोरगं पेत नही." पाणी खारं आहे, पोर पीत नाही, हा लेकीचा निरोप. तेवढाच पत्ता याहाकडे होता.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटतं, प्रत्येक गोष्टीसाठी एक अर्ज असतो आणि तो नीट लिहिला की काम होतं. मी तीन कार्यालयांना इंग्रजीत पत्रं लिहिली. मुलीचं, जावयाचं नाव, वय, हनुवटीवर गोंदण असल्याची खूण, सगळं लिहिलं. उत्तरं आली, सभ्य उत्तरं आली. माहिती मिळाल्यास कळवू. मुकादमाच्या गावाला आजोबा स्वतः जाऊन आले. त्याच्या दाराला कुलूप होतं.

सुरतेहून सकाळच्या बसने गुजराती पेपर यायचा. त्यात जखमींच्या आणि गेलेल्यांच्या याद्या असत. मला गुजराती वाचता येतं, म्हणून रोज शाळेआधी मी पथारीवर जाऊन याद्या वाचत असे. याहा ऐकत असे, पण तिचे हात थांबत नसत. सगळी नावं गल्लीनिहाय, सोसायटीनिहाय, घरनिहाय. ज्यांना घरच नव्हतं, जे दुसऱ्यांची घरं बांधायला गेले होते, त्यांना कुठल्या गल्लीत घालणार? ते त्या याद्यांत कुठेच नव्हते. मला हे चौथ्या दिवशी कळलं आणि ते याहाला कसं सांगावं हे कळेना.

"सरनं?" यादी संपली की ती विचारी.

"सरनं. नाव नाही."

"मंग ती जिती शे. तुमना कागदमा नही शे, मंग ती जिती शे."

मी पेपरची घडी घातली. याद्यांचं ते तिला माझ्याआधी कळलं असावं, असं मला आता वाटतं.

गावात मदत गोळा व्हायला लागली. व्यापाऱ्यांनी धान्य दिलं, तापीकाठच्या गावांतून केळी आली. पण तिकडे थंडी कडाक्याची आणि लोक उघड्यावर, म्हणून आमच्या शाळेने ठरवलं की गोधड्या पाठवायच्या. ते काम माझ्याकडे आलं. मुलींनी घरोघर फिरून गोधड्या आणल्या, धानोऱ्याहून एक बैलगाडी भरून आल्या. दोनेकशे झाल्या असतील. मी एक नियम केला. फाटकी नको, मळकी नको, कपाटात कोंदलेली तशीच्या तशी नको. संकटातल्या माणसाला आपण आपली अडगळ पाठवत नाही. प्रत्येक गोधडी झटकून, दोन दिवस कडक ऊन दाखवून, घडी घालून, वर चिठ्ठी शिवून जाणार. चिठ्ठ्या मी स्वतः इंग्रजीत लिहिल्या, कारण परदेशांतूनही मदतीची पथकं आली आहेत असं वाचलं होतं. स्वच्छ, ऊन दाखवलेली, नंदुरबारकरांकडून. एवढंच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

आता दोनशे गोधड्या एकदम वाळत घालता येतील अशी सपाट, झाडलेली, दिवसभर उन्हाची जागा गावात कुठली? मी आजोबांना म्हटलं, दोन दिवस पथारीचा एक भाग रिकामा करून द्या. त्यांनी दिला. बायकांनी तो झाडून घेतला आणि आम्ही ओळीने गोधड्या पसरल्या. एका बाजूला लाल मिरची, दुसऱ्या बाजूला रंगीबेरंगी गोधड्या. दुपारी वारा सुटला. मला ते दृश्य इतकं सुंदर वाटलं की मी शाळेतून मुलींना पाहायला घेऊन आले. पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या एक शिक्षिका सोबत होत्या. त्यांना एकामागून एक शिंका यायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडची थंडी तुम्हाला बाधली, सुंठीचा काढा घ्या.

ट्रक भरायच्या दिवशी याहा एक छोटी गोधडी घेऊन आली. लेकीच्या बाळासाठी तिने शिवायला घेतली होती. एका कडेचे टाके राहिले होते, मधला कपडा विरलेला होता. मी नियमाप्रमाणे ती बाजूला ठेवली.

"याहा, ही फाटकी आहे गं. शिवून ठेव, लेक आली की दे."

"जाऊ द्या बाई."

"पण ती तिच्यापर्यंतच पोचेल असं नाही ना. कोणालाही मिळेल."

"कोनीबी पांघरो. मन्ही पोरले कोनी दुसरं पांघरी ऱ्हायनं व्हई, मी दुसराले धाडस." माझ्या पोरीला दुसरं कोणीतरी पांघरूण घालत असेल, तर मी दुसऱ्याला धाडते. मी ती गोधडी घेतली आणि तिच्यावरही चिठ्ठी शिवली. त्यात स्वच्छ हा शब्द लिहिताना मला थोडं खोटं बोलल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

आजोबा ट्रकबरोबर गेले. ट्रक आमचाच, एरवी मिरची वाहणारा.

तिसऱ्या दिवशी रात्रीची जेवणं व्हायच्या आधी फोन वाजला. मदतीला आलेल्या जवानांनी छावणीत फोन लावून दिला होता, त्यावरून आजोबा बोलत होते. मागे खूप आवाज होता. मला वाटलं लाइनची खरखर आहे.

"अगं, तुझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"स्वच्छ, ऊन दाखवलेली. का हो?"

"ऊन कुठे दाखवलंस?"

मी उत्तर देणार होते. पथारीवर, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं. मागचा आवाज खरखरीचा नव्हता, लोक शिंकत होते.

पथारीवरची माती कितीही झाडली तरी तिच्यात वर्षानुवर्षांचं तिखट मुरलेलं असतं. दोन दिवस वाऱ्याने शेजारच्या मिरचीची भुकटी गोधड्यांवर उडवली होती. मग त्या घड्या घालून मिरचीच्या ट्रकमध्ये कोंबल्या. आम्हा कोणालाच ते जाणवलं नाही, कारण हिवाळ्यात या गावात कोणाला मिरचीचा वास येतच नाही. तो येतो बाहेरच्याला. त्या पुण्याच्या बाईंना आला होता, आणि मी त्यांना सुंठ पाजली.

त्या संध्याकाळी गोधड्या वाटल्या गेल्या, लोकांनी अंगावर ओढल्या, आणि अख्खी छावणी डोळे चोळत बाहेर आली. एक म्हातारे गृहस्थ आजोबांच्या अंगावर धावून आले. "धरतीकंपथी बच्या, हवे मरचांथी मारशो?" भूकंपातून वाचलो, आता मिरचीने मारता का? आजोबांनी हात जोडले. आपण गुजर, घरी गुजरीत बोलतो, ती गुजरातीच्या जवळची, त्यामुळे भाषा अडली नाही, अडायला हवी होती असं ते म्हणत. लोकांनी गोधड्या आणून छावणीच्या फाटकाशी ढीग केला. परत घेऊन जा म्हणाले.

मी फोन ठेवला. सकाळी पेपर घेऊन पथारीवर गेले, यादी वाचली, नाव नाही म्हणून सांगितलं. गोधड्यांचं मात्र सांगितलं नाही. लाज वाटली. तिच्या बाळाची गोधडीसुद्धा मी मिरचीत लोळवून पाठवली होती.

पुढचं मी आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं.

त्याच सकाळी ते फाटकाशी त्या ढिगाजवळ उभे होते. ट्रक परत भरायचा की इथेच कुठे धुवायच्या याचा विचार करत होते. तिथे पिण्यालाच पाणी नव्हतं, धुवायला कुठून आणणार? येणारे-जाणारे नाकाला पदर लावून जात होते. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक बाई कडेवर मूल घेऊन आली. हातात पाण्याचा डबा होता. ढिगाजवळ आल्यावर ती थांबली. डबा खाली ठेवला, वरची एक गोधडी उचलली, आणि तोंडावर दाबून धरली. बराच वेळ. मुलाच्याही अंगावरून तिचं टोक घेतलं. आजोबा तिला सांगायला निघाले की बाई, नको, डोळे जळतील. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ती शिंकत नव्हती. मूल मात्र शिंकलं, पण ती नाही. त्या सगळ्या छावणीत न शिंकणारी ती एकटी.

त्यांनी सरळ अहिराणीत विचारलं, "कोठली व तू?"

"नंदुरबारनी," ती म्हणाली. "पथारीवरनी."

"कोनी आंडेर?"

"याहानी."

आजोबा त्या गोधड्यांच्या ढिगावर मटकन बसले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण ते सहजी मटकन बसणारे गृहस्थ नव्हते.

धक्का बसला तेव्हा ती बाळाला घेऊन उघड्यावर वाळू चाळत होती. नवरा पहिल्या मजल्यावर होता, त्याचा पाय मोडला होता आणि तो जवानांच्या दवाखान्याच्या तंबूत होता. मुकादम पळून गेला. मदत घरांच्या यादीप्रमाणे मिळत होती, त्यांचं घर नव्हतं, म्हणून ती अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला प्लॅस्टिक लावून राहत होती आणि पाण्यासाठी रोज या छावणीशी येत होती. त्या दिवशी वाऱ्यावर तिला पथारीचा वास आला. "माले वाटनं, मी येडी व्हयनी," तिने नंतर मला सांगितलं. वासाच्या मागे चालत ती फाटकाशी आली. चिठ्ठी तिलाही दिसली होती. तिला वाटलं, कपड्याच्या मापाचा कागद असेल.

दुपारी अडीच वाजता फोन आला. मी मधल्या सुट्टीनंतर घरीच होते. आजोबा एवढंच बोलले, "याहाला सांग, सापडली. तिघंही आहेत."

पथारीवर एक नियम आहे, पसरलेल्या मिरचीवर चप्पल घालून कोणी पाय देत नाही. कडेकडेने जायचं. तीस वर्षं तो मी पाळला होता. त्या दिवशी मी सरळ मधून गेले. पायाखाली मिरच्या कडाकडा मोडत होत्या.

"बाई!" याहा ओरडली. "मिरचीवर पाय! सायबांना काय सांगू मी? डोळा फुटनात का तुमना?"

"याहा, सापडली. तिघंही जिती शेत."

मग तिने हातातली मिरची बघितली, तिचा देठ खुडला, मिरची ढिगात टाकली. आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.

दुसऱ्या क्षणाला ती किंचाळत जमिनीवर लोळत होती आणि सगळ्या बायका तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. कोणी तेल आणा म्हणत होती, कोणी ताक. एक जण हसून हसून ओणवी झाली होती. "याहा, हात डोयाले लावाना नही, तूच सांगस ना वं!" याहा आंधळ्यासारखी चाचपडत तिला मारायला हात उगारत होती, रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात मीही पदराने डोळे पुसले. त्या पदराने मी तिचे हात धरले होते. मग माझ्यावरही पाणी मारावं लागलं.

ट्रक परत आला तेव्हा केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जावई प्लास्टरातला पाय लांब करून बसला होता आणि मागे गोधड्यांच्या गादीवर लेक आणि बाळ. तीन दिवसांच्या प्रवासात बाळ शिंकायचं थांबलं होतं. याहाने त्याला उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "आते आपला झाया."

तिची ती छोटी गोधडी परत आलेल्यांत नव्हती. आजोबांनी पूर्ण ढीग उलटापालटा करून पाहिला होता. कोणीतरी डोळ्यांची आग सोसून ती ठेवून घेतली होती. मी याहाला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ खूश होती.

बाकीच्या गोधड्या आम्ही प्रकाशा गावाच्या घाटावर नेऊन तापीत दोनदा धुतल्या. या वेळी वाळवल्या शाळेच्या मैदानात, आणि पाठवायच्या आधी त्या पुण्याच्या बाईंना प्रत्येक घडीचा वास घ्यायला लावला. त्या बिचाऱ्या नाक पुढे करून दिवसभर बसल्या. शिंक आली की ती गोधडी बाजूला, पुन्हा नदीवर. चिठ्ठ्या मी नव्या लिहिल्या, गुजरातीत. दुसरा ट्रक शिवरात्रीच्या आधी गेला आणि या वेळी कोणी परत पाठवल्या नाहीत. याहा लेकीला आणि नातवाला घेऊन देवमोगरेच्या जत्रेला चालत गेली. डोंगर चढून, मोगीमातेला नवं धान्य वाहायला.

जावयाचा पाय बरा व्हायला उन्हाळा लागला. तोवर लेक आपल्या ओसरीवर बसून गोधड्या शिवायची, तिकडे अजून लागत होत्या. पुढच्या दिवाळीला मुकादमाची गाडी आली तेव्हा ती बसली नाही. तेव्हापासून ती गोधड्याच शिवते. आता तिच्या हाताखाली चार बायका आहेत. तिच्या प्रत्येक गोधडीत एका कोपऱ्यात मिरचीचा देठ असतो. नुसता देठ, तिखट नाही, मी तपासून घेतलं आहे. मी एकदा म्हटलं, गिऱ्हाईक तक्रार करेल. ती म्हणाली, "करू दे. कोठे हरपनी ते सापडी तरी." कुठे हरवली तर सापडेल तरी.

याहा आता नाही. तो शिंकणारा नातू आता मोठा गडी झाला आहे आणि त्याची पथारीवर स्वतःची जागा आहे. लेक मात्र दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी येते. तुमची गोधडी पोचल्याचं तिला सांगितलं, तेव्हा पाणीसुद्धा न पिता तिने विचारलं, "पोरीले शिंक उनी का?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा धाकटे, तुला शिंक आली की नाही, ते खरं खरं लिहून कळव. ती परवा पुन्हा येईल.

तुमची,
आजी